जोळ म्हणजे जोळ

अप्पा,

तुम्ही कसे आहात ते विचारत नाही. मेलेल्या माणसाला काय विचारायचं. मी बरी आहे. गुडघे दुखतात, तेवढं सोडलं तर बरी आहे. सहावीपर्यंत शिकलेल्या बाईचं पत्र आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. सहावीपर्यंतच का शिकले ते तुम्हाला माहीत आहे. मुलाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी सापडली, त्यावर लिहितेय.

लिहायचं कारण एवढंच. परवा गोठ्यात मी सुनेला म्हणाले, संध्याकाळला गोविनजोळ काप गं. रोजचंच बोलणं. पण ते मी कसं म्हणाले ते ऐका. गो-विन-जोळ. एकेक अक्षर सुटं, सावकाश, शाळेत गुरुजी शुद्धलेखन घालतात तसं. सून माझ्याकडं बघत राहिली. आणि मी हातातली बादली खाली ठेवली, कारण असं बोलणारा माणूस मी जन्मात एकच बघितलाय. आपली तांबडी गाय मेल्यावर उरलेल्या आयुष्यात तुम्ही एकदाही नुसतं 'जोळ' म्हणाला नाहीत. मजुरांशी बोलताना नाही, बाजारात नाही, अगदी शेवटी खाटेवर पडून होता तेव्हासुद्धा विचारायचात ते असंच, गो-विन-जोळाला पाणी दिलं का. मला वाटायचं वयानं जीभ जड झाली असेल. किती खुळी मी. पन्नासच्या वर वर्षं गेली आणि परवा बादली खाली ठेवताना मला कळलं की तुम्हाला माहीत होतं. तांबडी कुणामुळं मेली ते तुम्हाला त्याच दिवसापासून माहीत होतं, आणि तरी तुम्ही ते माझ्या डोक्यावर राहू दिलंत.

आता ऐका. जिवंत असताना मला एक वाक्य कधी पुरं करू दिलं नाहीत. आता करते.

आपल्या घरात ज्वारीला जोंधळा म्हणायचे. आईचं माहेर खानापूरकडचं, तिच्या तोंडी जोंधळाच. कन्नडमध्ये त्याच जोंधळ्याला जोळ म्हणतात. आणि पुस्तकातला मका, तो इकडं गोविनजोळ. गोविन म्हणजे गाईचं. गाईचं जोळ. इथपर्यंत कुणाचा घोळ नाही, लहान पोराला कळतंय. घोळ तुमच्या जिभेचा. तुम्हाला सगळ्याची घाई. शब्द पुरा बोलायला काय जात होतं तुमचं? 'गोविन' गिळून टाकायचात आणि नुसतं 'जोळ' म्हणायचात. घरात जोंधळ्याला दुसरं नाव होतं म्हणून आम्हाला कळायचं, की अप्पांचं जोळ म्हणजे मका. पण कन्नड माणसं ओट्यावर येऊन बसली की तुम्ही कन्नडमध्ये शिरायचात, आणि मग तुमचं जोळ म्हणजे जोंधळा व्हायचं. तोंड एक, शब्द एक. उंबऱ्याच्या आत त्याचा मका, उंबऱ्याच्या बाहेर त्याचा जोंधळा. कुठल्या वेळेला कुठला ते आम्ही पोरांनी ओळखायचं.

त्या उन्हाळ्यात तुम्ही विहिरीवर नवीन इंजिन बसवलं होतं. अळणावरच्या त्या बाजूला उन्हाळ्यात गुरांसाठी हिरवा चारा पेरणारे तुम्ही पहिले. लोक हसायचे. कडबा आहे की, गुरांसाठी कोण रानाला पाणी पाजतंय, म्हणायचे. तुम्ही ऐकलं नाहीत. ते तुमचं मला आवडायचं, ते पण लिहिते, नाहीतर म्हणाल पोरगीनं एका बाजूचंच लिहिलं. पाटाच्या अलीकडं मका, पलीकडं चाऱ्याचा जोंधळा, मधनं मधनं चवळी. चैत्रात सगळा शिवार करपलेला आणि आपली तेवढी पट्टी हिरवी. शाळेतनं येताना मी लांबूनच बघायची आणि मैत्रिणींना सांगायची, ते आमचं. मग इंजिन बिघडलं. धारवाडचा मेस्त्री येतो येतो म्हणत होता आणि येत नव्हता. आठ-दहा दिवस पाण्याचा थेंब नाही. मका कसाबसा टिकून होता. जोंधळा गुडघ्याएवढा होऊन तिथंच थांबला, पानं गुंडाळून.

त्या दिवशी सकाळपासून चार माणसं बैल बघायला आली होती, सगळी कन्नड. मी स्वयंपाकघराच्या दारात बसून भाकरी खात होते, आई चुलीपाशी. तुम्ही ओट्यावरनंच हाक मारून सांगितलंत, तांबडी हंबरालीय, तिला जोळ कापून घाल. मी भाकरी ठेवली आणि उठले. मला पान कळत होतं, अप्पा. मक्याचं पान रुंद, कडेला लाटा, हात फिरवला की लव लागते. जोंधळ्याचं पान गुळगुळीत, मधली शीर पांढरी. डोळे बांधून सांगितलं असतं. मला पान कळत होतं, तुमचा शब्द कळत नव्हता. म्हणून मी विळा घेऊन ओट्यापर्यंत आले आणि त्या चार माणसांसमोर विचारलं.

"अप्पा, कुठलं जोळ?"

तुम्ही मान पण वळवली नाहीत.

"जोळ म्हणजे जोळ. किती वेळा सांगायचं?"

माणसं हसली. त्यातला एकजण कन्नडमध्ये म्हणाला, पोरगीला अजून जोळ माहीत नाही, हिला शाळेत घालून काय शिकवालाय. तुम्ही पण हसलात. मी गेले. तुम्ही ओट्यावर होता, कन्नडमध्ये बोलत होता, म्हणजे जोंधळा. मी पाट ओलांडला आणि पलीकडचा एक भारा कापला.

तांबडी कोरडा कडबा खाऊन कंटाळलेली, तिनं अधाशासारखं खाल्लं. आमची भांडी घासून होईपर्यंत तिचं अंग थरथरायला लागलं. तोंड उघडून वारा ओढायला लागली, फेस आला, मग मागचे पाय गेले. आई धावली. शेजारीण गुळाचं पाणी आणायला पळाली. मी काय केलं? मी उभी राहिले. तुम्ही आलात तोपर्यंत तिनं मान टाकली होती. तुम्ही गव्हाणीत हात घातलात, एक पान उचललंत, उलटंसुलटं करून बघितलंत आणि मग माझ्याकडं बघितलंत. मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील. पोरीनं विचारलं होतं, मीच नीट सांगितलं नाही, एवढंच म्हणतील. ती चार माणसं पण मागं उभी होती, त्यांनी पण ऐकलं होतं. त्यांना बैल घ्यायचे होते. कुणी तोंड उघडलं नाही. मग तुम्ही उघडलंत.

"जिला जोंधळा आणि गोविनजोळ कळत नाही, तिला शाळा कशाला?"

बघा, पुरा शब्द पहिल्यांदा तेव्हाच म्हणालात. तांबडी अजून गरम होती.

दुपारी आईनं स्वयंपाकघरात जवळ घेऊन विचारलं, असं कसं केलंस गं. मी म्हटलं, मला नीट ऐकू नाही आलं. तुम्ही मोरीपाशी हात धूत होता, तीन हातांवर. तुम्ही ऐकलंत. तांब्यातलं पाणी संपलं तरी तुम्ही हात चोळत उभे होता. बारा वर्षांच्या पोरीनं तुमच्यासाठी खोटं सांगितलं आणि तुम्ही ते घेतलंत. हात पुसलेत आणि जेवायला बसलात. या गोष्टीचा मला गाय मेल्यापेक्षा जास्त राग आहे, आज पण आहे. गाय चुकून मेली. हे चुकून नव्हतं.

शाळा उघडली तेव्हा माझी पाटी-पुस्तकं शेजारच्या पोरीला देऊन झाली होती. गुरुजी घरी आले, पोरगी हुशार आहे म्हणाले. तुम्ही त्यांना चहा पाजून परत लावलंत. आणि त्याच्या आधी, तांबडी जाऊन पंधरा दिवस झाले असतील, तुम्ही अळणावरच्या बाजारातनं माझ्यासाठी विळा आणलात. लहान, माझ्या हाताच्या मापाचा, सागवानी मुठीचा, लोहाराला सांगून करून घेतलेला. काही बोलला नाहीत. मी जेवत होते, ताटाजवळ ठेवलात आणि गेलात. आई म्हणाली, बघ, किती जीव आहे त्यांचा तुझ्यावर. मी तो खिळ्यावर अडकवला. लग्न होऊन गेले तोपर्यंत त्यानं गवताची एक काडी कापली नाही. तुम्ही रोज त्या खिळ्याखालनं जात होता, तुम्हाला दिसत होतं. तुम्ही पण कधी विचारलं नाहीत.

बरं, तेवढ्यावर भागलं असतं तर भागलं असतं. तुम्ही ती गोष्ट चार पावण्यांत हसत सांगायला लागलात. अण्णानं ती उचलली. बहिणीला चिडवायला भावाला आणखी काय पाहिजे? 'गोविनजोळ' हे माझं नाव झालं. गल्लीतली पोरं ओरडायची. लग्नाच्या मांडवात अण्णा नवऱ्यामुलाला म्हणाला, भावजी, हिला रानात सोडताना पान दाखवून सोडा. सगळे हसले. तुम्ही तिथं होता. सासरी पहिल्या आठवड्यात सासऱ्यानी मला रानात नेलं आणि सुनबाई, हे बघा, हा मका, म्हणून पान हातात दिलं. चांगला माणूस होता, वाईट बुद्धीनं नाही. पण मी मान खाली घालून ते पान धरून उभी राहिले, मक्याचं पान पहिल्यांदाच बघितल्यासारखी. हे तुम्ही केलंत.

त्या दिवसानंतर परवापर्यंत मी 'गोविन' हा शब्द तोंडातनं काढला नाही. का काढू? ते माझं नाव होतं, शिवीसारखं. जोंधळ्याला जोंधळा म्हणायची आणि मक्याला नुसतं जोळ. तुमचीच खोड. गंमत बघा, तुम्ही ती सोडलीत आणि मी उचलली.

आणि मी काय केलं माहीत आहे? चाराच केला. आज आमच्या गावात उन्हाळ्याचा चारा पेरायचा झाला की लोक माझ्या दारात येतात. शिमग्याच्या आत पहिली पेर उरकायची. सगळं एकदम पेरायचं नाही, तीन तुकडे करायचे, एकाच्या मागनं पंधरा दिवसांनी दुसरा, म्हणजे विळ्याला रोज काहीतरी तयार असतं. मका दाट पेरायचा, त्यात चवळी टाकायची, दूध त्यानं सुधारतं. आणि चाऱ्याचा जोंधळा कणीस बाहेर पडल्याशिवाय कापायचा नाही. कोवळ्यात विष असतं, पाणी तुटलेल्या कोवळ्यात जास्त. एकदा कापला की बुडातनं परत फुटतो, त्या फुटव्याला तर पुरा वाढेपर्यंत जनावर नाकानं हुंगायला पण सोडायचं नाही. झालं. एवढंच आहे. पण आता त्याचा पण गाजावाजा. बियाणाची गाडी येते, टोपी वाटतात, फोटो काढतात. मुलगा हुबळीला लॅमिंग्टन रोडवर दुकानात कामाला आहे, रविवारी येतो आणि फोनमध्ये काय काय दाखवतो. परवा एक माणूस दाखवला, तो चाऱ्याशी प्रेमानं बोला म्हणत होता. मी म्हटलं, त्याला म्हणावं आधी बायकोशी बोल. चाऱ्याला बी लागतं, पाणी लागतं आणि वेळेवर विळा लागतो.

आता सुनेचं सांगते. ती हुबळीची. लग्नाआधी गाय तिनं रस्त्यावर उभी असलेलीच बघितलेली. घरात मराठी, शाळा कन्नड, सासूला कन्नडमध्ये म्हणतात तसं मला अत्ती म्हणते. पहिल्या वर्षी शेणाला हात लावताना तोंड फिरवायची. मी काही बोलले नाही, म्हणजे बोलले, पण कमी बोलले. आता धार काढते, चारा कापते, चारा बारीक करायच्या कुट्टीच्या मशीनला एकटी पेंढ्या लावते. गाभण गाय कुठली आणि नुसती फुगलेली कुठली ते तिला माझ्या आधी कळतं. मला ती आवडते. तिला हे मी सांगितलेलं नाही.

या वैशाखात केशवापूरला भाचीच्या मुलाचं बारसं होतं. मी गेले. घरी सून एकटी. मोठ्या गाईपुढं सकाळी टाकलेलं संपलं होतं, म्हणून तिनं मला फोन केला, दुपारला काय घालू. मी सांगितलं. तिनं कापलं आणि घातलं. ते कापलं होतं तो जोंधळ्याचा फुटवा, वीस-बावीस दिवसांचा. गाय पडली. तेच सगळं, थरथर, फेस, तोंड उघडून वारा ओढणं. पण सून उभी राहिली नाही, अप्पा. तिनं आधी बाकीच्या दोन्ही गाईंपुढचा चारा ओढून बाहेर फेकला. मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि काय घातलं, किती घातलं, किती वेळ झाला ते नीट सांगितलं. शेजारचे ताक पाजायला आले, त्यांना हात लावू दिला नाही. बाई गाडीवरनं दहा मिनिटांत आल्या, जवळच दुसऱ्या गोठ्यात होत्या म्हणून. शिरेत सुई दिली. मी बसमधनं उतरून धावत आले तेव्हा गाय पाय दुमडून बसली होती आणि कान हलवत होती.

अंगणात दहा-बारा माणसं जमलेली. गव्हाणीबाहेर चारा पडला होता, मी एक पान उचललं. गुळगुळीत, मधली शीर पांढरी. आणि मी बोलले. सगळ्यांसमोर. तुला एवढं पण कळत नाही काय, चार वर्षं काय बघितलंस, म्हणाले. आणखी पण म्हणाले. डॉक्टरीणबाई सुई धुवत होत्या, त्यांनी विचारलं, हे कापायला कुणी सांगितलं? सहज विचारलं. सुनेनं माझ्याकडं बघितलं. जास्त नाही, डोळ्याचं पातं लवेल एवढं.

"माझंच चुकलं, मॅडम. मला फोनवर नीट ऐकू नाही आलं."

मी हात धुवायला गेले.

आता लपवून काय करू. फोनवर काय झालं ते लिहिते. पानं वाढली होती. अण्णा, आता त्याला पण काठी लागते, पण खोड गेली नाही, पंगतीतनं ओरडत होता, गोविनजोळ, ये की, पान थंड होतंय. लेकरं हसत होती. नातवंडांच्या वयाची पोरं मला गोविनजोळ म्हणून हसतात. माझं डोकं फिरलेलं, आणि कानाला फोन. सून विचारते काय घालू. मी म्हटलं, जोळ काप. ती म्हणाली, "कुठलं जोळ, अत्ती?"

तिनं विचारलं, अप्पा. मी विचारलं होतं तसंच, त्याच शब्दांत. हुबळीची पोरगी, तिच्या कानाला जोळ म्हणजे जोंधळाच. घरात मी रानाकडं हात करून जोळ म्हणायची, म्हणून चालून जायचं. तरी तिनं विचारलं.

आणि मी म्हणाले, "जोळ म्हणजे जोळ गं. ठेव."

'गोविन' माझ्या तोंडातनं निघालं नाही. त्या पंगतीत, अण्णाच्या समोर, नाही निघालं. ते नाव मला तुम्ही चिकटवलंत म्हणून निघालं नाही, असं मी म्हणू शकते, आणि ते खरं पण आहे. पण हे कारण मी सुनेला सांगणार नाही. तिनं काय करायचं तुमच्या आणि माझ्या भांडणाला? तिच्यापुढं गाय पडली होती, माझ्या शब्दामुळं पडली होती. आणि माझ्यामागं बैल घेणारे कोण उभे नव्हते. मला कुणाला काय विकायचं नव्हतं. तरी मी गप्प बसले. तिथं मी तुमच्यापेक्षा पण वाईट.

त्यानंतर पंधरा दिवस ती गोठ्यात सगळं करते, पण चारा कापायच्या आधी प्रत्येक वेळी येऊन विचारते. अत्ती, हे कापू? अत्ती, हे घालू? जिनं मेलेली गाय परत आणली ती मला विचारते. गावात एकदोघींनी तिला ऐकू येईल असं म्हटलं पण, हुबळीची बाई, तिला काय जोंधळा आणि काय गोविनजोळ. मी ऐकलं. तिथनं मी का उठून गेले ते तुम्हाला कळायचं नाही. किंवा कळेल. तुम्हालाच कळेल. आणखी थोडे दिवस मी गप्प बसले तर तिला पण नाव पडणार, आणि एकदा पडलं की जन्मभर निघत नाही. ते मला विचारा.

परवा धारवाडला गेले होते. सप्तापूरला दुधाचा रतीब आहे, तिथनं बाजारात गेले. लोहाराच्या पालावर विळे मांडले होते. एक लहान होता, हलका, तिच्या हाताच्या मापाचा. मी मूठ धरून बघितली. लोहार म्हणाला, घ्या आजी, सुनेला घेताय काय, चांगला चालतो. मी तो विळा जागेवर ठेवला, हात भाजल्यासारखा. लोहाराला वाटलं भाव पटला नाही. तुम्ही पण असेच उभे होता काय, अळणावरला? मुठीवर हात फिरवत? शब्द आणायचा तर विळा आणलात. मला नको होता विळा. मला ते एक वाक्य पाहिजे होतं, आणि ते तुम्ही मरेपर्यंत तीन-तीन तुकड्यांत मोडून, गो-विन-जोळ, गो-विन-जोळ, भलत्याच माणसांना सांगत बसलात.

तर मी ठरवलं, विळा नाही. सांगायचं. काय मोठं आहे त्यात? गोविन म्हणायचं राहिलं माझ्याकडनं, तुझं चुकलं नाही. पोरगी ऐकून पळणार नाही, आभाळ कोसळणार नाही. आणि डॉक्टरीणबाई परत येतील तेव्हा त्यांच्यासमोर पण म्हणायचं, शेजारणींसमोर पण म्हणायचं. पण आधी तिला.

आज सकाळी सांगितलं. ती कुट्टीच्या मशीनला मका लावत होती, मी मागनं पेंढ्या देत होते. तिची पाठ माझ्याकडं. मी म्हटलं. पुरं वाक्य म्हटलं, 'गोविन'सकट. मशीन फडाफडा चालू होतं, कुट्टी उडत होती. तिनं बटण बंद केलं आणि मागं वळली, केसांत हिरवा भुगा.

"काय म्हणालात, अत्ती?"

सगळं एकदम शांत झालेलं. गाय रवंथ करत होती ते पण ऐकू येत होतं.

मी म्हणाले, "काही नाही. चवळी पण थोडी लाव म्हटलं."

तिनं चवळी लावली. बटण दाबलं.

अप्पा, मला मशीन बंद व्हायला नको होतं. एवढंच तुम्हाला सांगायचं होतं, बाकी सगळं रागात लिहिलं, ते पण खरं आहे, पण हे आधी लिहायला पाहिजे होतं. हे पान पाठवायचं कुठं, आणि तुम्ही वाचून करणार काय.

आमच्याकडं रोज सकाळी दहाला लाईट जाते. मशीन चालत नाही. मग चारा विळीवर कापावा लागतो, दोघींनी समोरासमोर बसून.